पिप टाकायला गेला आणि टर्मिनलच उघडेना

सकाळी सकाळी मावसभावाचा फोन. "ताई, टर्मिनलच उघडत नाहीये. आयकॉनवर क्लिक केलं की जरा वेळ गोल फिरतं आणि मग काहीच नाही." काल काय केलंस विचारलं तर म्हणे, "काही नाही गं, फक्त पिप टाकत होतो."

हे "फक्त पिप टाकत होतो" (पिप म्हणजे पायथनच्या लायब्ररी टाकायचं टूल) मी बऱ्याच जणांकडून ऐकलंय, आणि दरवेळी गोष्ट थोड्याफार फरकाने तीच असते. याच्या मशीनवर मात्र सगळ्याच गोष्टी एकाच दिवसात एकामागोमाग झाल्या आणि त्यातली प्रत्येक पायरी त्या क्षणी अगदी बरोबर वाटावी अशीच होती, म्हणून हे प्रकरण पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहून ठेवतेय. ज्यांनी नुकतंच पायथन शिकायला घेतलंय आणि लिनक्स वापरताय त्यांनी सावकाश वाचा.

मशीन म्हणजे साधा लॅपटॉप, उबंटू २०.०४, नेहमीचा ग्नोम डेस्कटॉप. या उबंटूसोबत पायथन ३.८ येतं. याला पांडाज (डेटावर काम करायची पायथन लायब्ररी) वापरून काहीतरी करायचं होतं आणि त्यासाठी पिप हवं होतं, एवढीच सुरुवात.

काल नेमकं काय झालं

टर्मिनलच नाही म्हटल्यावर हिस्टरी कमांड कुठे मारणार. पण बॅश आपल्या कमांड एका फाईलमध्ये लिहून ठेवतं, होम फोल्डरमध्ये कंट्रोल एच दाबलं की लपलेल्या फाईल दिसतात, त्यात डॉट बॅश हिस्टरी नावाची फाईल, ती साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडायला सांगितली आणि त्याने मला फोनवर एकेक ओळ वाचून दाखवली. ही फाईल नसती तर मला त्याच्या आठवणीवर भरवसा ठेवावा लागला असता, आणि आठवणीत "फक्त पिप टाकलं" एवढंच होतं.

पहिल्यांदा त्याने 'पिप इन्स्टॉल पांडाज' टाईप केलं, कमांड सापडत नाही असं आलं. मग एपीटीने, म्हणजे उबंटूच्या पॅकेज टाकायच्या टूलने, पायथन३-पिप हे पॅकेज टाकलं. पिप आलं, व्हर्जन २०.०.२, पायथन ३.८ चं. इथपर्यंत सगळं व्यवस्थित.

इथे एक सांगायला हवं. पायथन ३.४ पासून, म्हणजे २०१४ पासून, पिप हे पायथनसोबतच येतं, त्यासाठी पायथनमध्ये एन्शुअरपिप नावाचं मॉड्यूलच आहे. मग उबंटूवर "सापडत नाही" का येतं? कारण डेबियन आणि त्यावरून बनलेलं उबंटू पायथनचे तुकडे करून वेगवेगळ्या पॅकेजमध्ये देतात, पायथन एका पॅकेजमध्ये, पिप दुसऱ्यात, वेन्व्ह (एकेका कामाच्या लायब्ररी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायची सोय) तिसऱ्यात. त्यामुळे पायथन आहे पण पिप नाही असं झालं की काही बिघडलंय असं समजायचं कारण नाही, फक्त ते पॅकेज अजून टाकलेलं नाहीये.

मग त्याने सुडो लावून, म्हणजे ॲडमिनच्या हक्काने, पांडाज आणि अजून दोन-तीन लायब्ररी टाकल्या. ही पहिली चूक, पण ही लगेच दुखत नाही. सुडोने टाकलेलं सगळं युएसआर लोकलच्या आत पायथन ३.८ च्या फोल्डरमध्ये जातं, आणि सिस्टीमची स्वतःची पायथनमधली टूल्स चालतात तेव्हा त्यांनाही ते फोल्डर दिसतं, तेही एपीटीने टाकलेल्या लायब्ररींच्या आधी. म्हणजे आपण आपल्या अभ्यासासाठी एखाद्या लायब्ररीचं नवं व्हर्जन टाकलं तर उद्या सिस्टीमचं एखादं टूल तेच उचलेल. कधी कधी वर्षभर काही होत नाही, म्हणून लोकांना वाटतं चालतंय की.

त्यानंतर त्याच्या अभ्यासाच्या कोडमध्ये मॅच-केस आलं. ते पायथन ३.१० मध्ये आलंय, ३.८ ला ते कळतच नाही, सिंटॅक्स एरर येते. मग याने डेडस्नेक्सच्या पीपीएवरून, म्हणजे उबंटूबाहेरच्या एका पॅकेज-साठ्यावरून, ३.१० टाकलं. हेही बरोबरच केलं, दोन पायथन शेजारी शेजारी सुखाने राहतात. पण 'पायथन३' टाईप केलं की अजून ३.८ च येत होतं. आणि इथे कुठल्या तरी सल्ल्यावरून त्याने अपडेट-अल्टरनेटिव्हजची कमांड मारली आणि पायथन३ हे नावच ३.१० कडे वळवलं.

खरा घाव हा. पण त्याला तो जाणवला नाही, त्याला जाणवलं ते वेगळंच, की आता पिप चालत नाहीये. एचटीएमएल५लिब इंपोर्ट होत नाही असलं काहीतरी. का, तर डेबियन-उबंटूमध्ये एपीटीने आलेल्या पायथन लायब्ररी एकाच फोल्डरमध्ये असतात, युएसआर लिब पायथन३ डिस्ट-पॅकेजेस, आणि ते सगळ्या ३.काहीतरी पायथनना दिसतं. त्यामुळे ३.१० ने उचललं ते ३.८ साठी आलेलं पिप २०.०.२. ते पिप जानेवारी २०२० चं, पायथन ३.१० आलं ऑक्टोबर २०२१ ला. ३.१० ने मधल्या काळात बऱ्याच जुन्या गोष्टी काढून टाकल्या, उदाहरणार्थ कलेक्शन्समधून मॅपिंग थेट इंपोर्ट करणं. जुन्या पिपला हे कुठून माहीत असणार.

याने काय केलं तर पायथन३-पिप तीनदा काढून परत टाकलं. तीनही वेळा तेच २०.०.२ परत आलं, कारण उबंटूच्या त्या रिलीजमध्ये तेच आहे. मग गेट-पिप ही पिप टाकणारी स्क्रिप्ट उतरवून सुडोने ३.१० वर चालवली, त्यासाठी डिस्टयुटिल्सचं वेगळं पॅकेज लागलं तेही टाकलं, आणि शेवटी ३.१० चं नवं पिप आलं. पांडाज आलं. कोड चालला. रात्री खूश होऊन लॅपटॉप बंद केला.

सकाळी टर्मिनल उघडेना.

मी आधी कुठे चुकले

ग्नोम टर्मिनल उघडत नाही म्हटलं की मला पहिल्यांदा लोकॅल आठवतं, भाषेची सेटिंग बिघडली की असंच गोल फिरून बंद होतं. हिस्टरी फाईल वाचून घ्यायच्या आधीच मी त्याला भाषेच्या सेटिंगमध्ये फिरवत बसले. अर्धा तास गेला. "काल काय बदललं" हा प्रश्न मी विचारला होता पण उत्तर नीट ऐकलं नव्हतं, "फक्त पिप" म्हणाला आणि मी पुढे गेले. पिपचा आणि टर्मिनलच्या खिडकीचा काय संबंध, असं मलाही वाटलंच.

संबंध आहे. उबंटूच्या या रिलीजमध्ये ग्नोम-टर्मिनल ही जी कमांड आहे ती एक छोटी पायथन स्क्रिप्ट आहे, ती पुढे खऱ्या टर्मिनलला उठवते. रात्री त्याची खिडकी आधीपासून उघडीच होती म्हणून काही कळलं नाही.

त्याला कंट्रोल ऑल्ट एफ३ दाबायला सांगितलं. काळा पडदा येतो, युजरनेम पासवर्ड टाकायचा, ही कन्सोल डेस्कटॉपवर अवलंबून नसते. (परत डेस्कटॉपवर जायला कंट्रोल ऑल्ट एफ२ किंवा एफ१, हे आधी सांगून ठेवा नाहीतर समोरचा घाबरतो.) तिथे ग्नोम-टर्मिनलच्या फाईलची पहिली ओळ बघितली: /युएसआर/बिन/पायथन३. आणि मग एलएस -एल मारून हे पायथन३ कुठे जातंय ते बघितलं. त्याने वाचून दाखवलं, "पायथन३ बाण ईटीसी अल्टरनेटिव्हज पायथन३." तिथून पुढे ३.१०.

आता टर्मिनलच्या स्क्रिप्टला जीआय नावाचं मॉड्यूल लागतं, आणि त्याचा एक भाग सी मध्ये लिहून कंपाईल केलेला आहे. डिस्ट-पॅकेजेस मधल्या अशा फाईलींच्या नावातच लिहिलेलं असतं की ही कोणासाठी आहे: सीपायथन-३८. म्हणजे फक्त ३.८. पायथन ३.१० त्या फोल्डरमध्ये येऊन स्वतःच्या नावाची, सीपायथन-३१० वाली फाईल शोधतं, ती नसते, आणि इंपोर्ट फसतं. एपीटीचं पायथन मॉड्यूल, एपीटी_पीकेजी, त्याचंही तेच. काल त्याने पिप तीनदा टाकलं तेव्हा एपीटीच्या शेवटी "एपीटी_पीकेजी नावाचं मॉड्यूल नाही" असा ट्रेसबॅक (पायथनच्या एररचा तपशील) येतच होता, तो म्हणाला, "हो, ते लाल काहीतरी येत होतं, पण पॅकेज इन्स्टॉल होत होतं म्हणून सोडून दिलं." तो ट्रेसबॅक म्हणजे सिस्टीमने आदल्या रात्रीच सांगितलं होतं.

जे करायचं नव्हतं

मी फोनवर विचार करत होते तेवढ्यात याने दुसऱ्या मोबाईलवरून दोन उपाय शोधले. एक, त्या सीपायथन-३८ वाल्या फाईलीची कॉपी करून नाव सीपायथन-३१० करायचं. अरे बाबा, नको! नाव बदललं की ३.१० ती फाईल उचलेल हे खरं, कधी चालेलही, पण ती ३.८ च्या आतल्या रचनेवर बेतून कंपाईल झालेली आहे आणि तीन-चार ठिकाणी चालून पाचव्या ठिकाणी क्रॅश झाली तर कारण शोधणार कुठे. मला हा सल्ला मनापासून धोकादायक वाटतो कारण तो बहुतेक वेळा चालल्यासारखा दिसतो.

दुसरा, ३.८ च काढून टाकायचं, म्हणजे गोंधळ मिटला. त्याने ती कमांड खरंच मारली होती, हो-नाही विचारत एपीटी थांबलेलं होतं. मी म्हणलं, वरची यादी वाच. काढल्या जाणाऱ्या पॅकेजेसमध्ये उबंटू-डेस्कटॉप, ग्नोमचे भाग, नेटवर्क-सेटिंगची टूल्स, पानभर नावं. "एन दाब," म्हणलं, "आत्ता." त्याने दाबलं. डेस्कटॉपचा अर्धा डोलारा या ३.८ वर उभा आहे, ते काढलं असतं तर दिवसभर नव्याने सगळं टाकण्यात गेला असता.

दुरुस्ती

दुरुस्ती दोन ओळींची. अपडेट-अल्टरनेटिव्हजला पायथन३ ची नोंद पूर्ण काढायला सांगायचं, आणि लगेच एलएन -एस ने पायथन३ हे नाव परत पायथन३.८ ला जोडायचं. पहिल्या ओळीनंतर पायथन३ नावाचं काहीच उरत नाही, म्हणून दोन्ही लागोपाठ मारा, मध्ये चहाला उठू नका. सुडो आणि एलएन दोन्ही पायथनवर चालत नाहीत त्यामुळे त्यांना काही होत नाही. मग परत डेस्कटॉपवर, आयकॉनवर क्लिक, टर्मिनल उघडलं. फोनवर तो इतका जोरात ओरडला की मावशी विचारायला आली काय झालं.

पण प्रकरण इथे संपलं नव्हतं. मी त्याला म्हणलं आता पिप३ चं व्हर्जन बघ. आणि आलं ३.८ चं. "अगं पण काल मी ३.१० चं टाकलं होतं!" हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा थांबते.

पिप ही कमांड म्हणजे नेमकं काय असतं? जाऊन ती फाईल उघडून बघा, दहा ओळींची पण नसते. पहिल्या ओळीत कुठल्या पायथनने चालवायचं ते, आणि खाली पिपमधलं मेन बोलावणं, बस. सगळा पिप दुसरीकडे, त्या पायथनच्या पॅकेजेसमध्ये असतो. याच्या युएसआर लोकल बिनमधल्या पिप३ ची पहिली ओळ होती /युएसआर/बिन/पायथन३. काल ते नाव ३.१० कडे जात होतं तेव्हा ते ३.१० चं पिप होतं, आज ते नाव ३.८ कडे वळलं तर तीच फाईल ३.८ चं पिप झाली. फाईलीतलं एक अक्षर बदललेलं नाही. म्हणूनच मी कोणालाही नुसतं 'पिप इन्स्टॉल' सांगत नाही. ज्या पायथनमध्ये हवंय त्या पायथनला सांगा: पायथन३.१० -एम पिप इन्स्टॉल अमुक. लांब आहे, पण त्यात शंकेला जागा नाही. कॉम्प्युटरचं एक पिप असं काही नसतंच, प्रत्येक पायथनचं आपापलं असतं.

मग साफसफाई. गेट-पिपने टाकलेलं ३.१० चं पिप पायथन३.१० -एम पिप अनइन्स्टॉल करून काढलं. सुडोने ३.८ मध्ये टाकलेल्या लायब्ररी एकेक करून काढल्या, त्यासाठी आधी युएसआर लोकलमधलं ते फोल्डर उघडून काय काय आहे ते कागदावर लिहून घ्यायला लावलं. वेळखाऊ काम आहे. पण पिपमध्ये काढायची सोय आहे तरी, त्याच्या आधी इझी-इन्स्टॉल होतं त्यात टाकलेलं परत काढायची धड सोयच नव्हती. इयान बिकिंग यांनी २००८ मध्ये आणलेल्या पिपच्या मोठ्या फायद्यांपैकी हा एक.

आणि मग जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. पायथन३.१०-वेन्व्ह पॅकेज टाकलं, ते नसेल तर एन्शुअरपिप उपलब्ध नाही अशी तक्रार येते. होममध्ये अभ्यासाचा फोल्डर, त्यात पायथन३.१० -एम वेन्व्ह डॉटवेन्व्ह. सोर्स करून ॲक्टिव्हेट. प्रॉम्प्टच्या आधी कंसात नाव दिसायला लागलं. आता पायथन -एम पिप --व्हर्जन मारलं तर पिपच्या वाटेत (पाथमध्ये) त्याचाच होम फोल्डर दिसला आणि शेवटी कंसात पायथन ३.१०. सुडो नाही, सिस्टीमचं काही हललं नाही, आणि बिघडलंच तर तो एक फोल्डर डिलीट करायचा आणि परत बनवायचा. पांडाज दोन मिनिटात आलं.

तरी पुन्हा फोन. "ताई, पांडाज नावाचं मॉड्यूल नाही म्हणतंय." एडिटरमध्ये खाली कोपऱ्यात बघ कुठलं पायथन निवडलंय. ३.८ होतं. डॉटवेन्व्हमधलं निवडलं, चाललं. एडिटरला टर्मिनलमधलं ॲक्टिव्हेट कळत नाही, त्याला वेगळं सांगावं लागतं.

काही जण म्हणतील हे सगळं कशाला, यूव्ही वापरा, ते पायथनही स्वतः उतरवतं आणि वेन्व्हही करतं. मी वापरते, चांगलं आहे, वेगवान आहे. पण शिकणाऱ्याने एकदा तरी वेन्व्ह हाताने करावं असं माझं मत आहे, म्हणजे आत काय होतंय ते दिसतं.

नंतर

२०२३ पासून पिपने यावर एक अडसर घातलाय. डेबियन १२ आणि उबंटू २३.०४ पासून सिस्टीमच्या पायथनमध्ये पिपने काही टाकायला गेलं की "एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट" अशी एरर येते, म्हणजे हे पायथन सिस्टीमच्या ताब्यात आहे, इथे हात लावू नका. पायथनच्या पीईपी ६६८ मध्ये (पीईपी म्हणजे पायथनमधल्या बदलांचा प्रस्ताव) हे ठरलं, सिस्टीम एका फोल्डरमध्ये त्या नावाची फाईल ठेवते आणि पिप २३.० पासून ती बघून थांबतं. लोक वैतागतात आणि ब्रेक-सिस्टीम-पॅकेजेस हा पर्याय लावून पुढे जातात. त्या पर्यायाचं नाव एकदा मोठ्याने वाचा. ज्यांना कमांडलाईनवर चालणारं एखादं टूलच हवंय, लायब्ररी नकोय, त्यांच्यासाठी पिपएक्स आहे, ते प्रत्येक टूलला वेगळं वेन्व्ह करून देतं.

मावसभावाने पुढे लॅपटॉपवर उबंटू २४.०४ नव्याने टाकलं, त्यात सिस्टीमचं पायथन ३.१२. जुना डॉटवेन्व्ह फोल्डर त्याने बॅकअपमधून तसाच आणला होता, तो चालला नाही, चालणारही नव्हता, त्याच्या आतल्या वाटा जुन्या मशीनवरच्या ३.१० कडे जात होत्या. पण पिप फ्रीजने काढलेली रिक्वायरमेंट्सची, म्हणजे टाकलेल्या लायब्ररी आणि त्यांच्या व्हर्जनची, यादी त्याने कोडसोबत ठेवली होती. सवयीने आधी नुसतं पिप इन्स्टॉल मारलं, वरची एरर आली, त्याचा फोटो मला पाठवला आणि खाली लिहिलं, "थांब, कळलं." थोड्या वेळाने दुसरा फोटो: पायथन३.१२-वेन्व्ह टाका असा मेसेज आलेला, त्याखाली त्याने ते टाकलेलं, आणि मग प्रॉम्प्टच्या आधी कंसात डॉटवेन्व्ह.